टाकणे, सोडणे, सोपवणे : मुक्तिबोधांच्या कवितेतील परित्यागाचा विचार

परित्यागाची कविता आणि सोडून देण्याची कविता या एकाच अनुभवाच्या दोन पायऱ्या आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आधी कोणीतरी टाकून जाते, मग दुःख होते आणि काही काळाने मन ते दुःख सोडून देते, असा क्रम आपण गृहीत धरतो. या क्रमाच्या शेवटी जी शांतता येते तिलाच काव्याची परिपक्वता समजण्याची सवयही आपल्या समीक्षेला लागलेली आहे. तक्रार करणारी कविता कच्ची आणि क्षमा करणारी कविता पक्व, धरून ठेवणारा कवी आसक्त आणि सोडणारा कवी मुक्त, अशी ही विभागणी आहे. ती तपासून पाहण्याची गरज आहे. मराठी घरात जन्मलेल्या, हिंदीत लिहिणाऱ्या आणि आयुष्याची अखेरची वर्षे छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यात घालवलेल्या गजानन माधव मुक्तिबोध यांच्या काव्याच्या आधारे ही तपासणी करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी मराठी भाषेकडेच पाहणे उपयुक्त ठरेल. 'टाकणे' आणि 'सोडणे' ही दोन क्रियापदे आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांचा स्वभाव भिन्न आहे. टाकणाऱ्याला टाकलेल्या वस्तूचे पुढे काय होते याच्याशी कर्तव्य नसते. 'टाकलेली बाई' या शब्दप्रयोगातील क्रौर्य नेमके येथे आहे. तेथे बाई ही कर्म होते, आणि कर्ता वाक्यातून निसटून जातो. 'सोडणे' या क्रियापदात मात्र आधीच्या धरण्याची आठवण शिल्लक असते. जे धरलेलेच नव्हते ते सोडता येत नाही. म्हणून आपण हात सोडतो, गाव सोडतो, हट्ट सोडतो. आणि हक्क सोडायचा असेल तेव्हा त्यावर पाणी सोडतो. या शेवटच्या वाक्प्रचारामागे दानाच्या संकल्पाचे उदक आहे. म्हणजे मुळात पाणी सोडण्याच्या क्रियेत घेणारा समोर उपस्थित असे. आज आपण एखाद्या गोष्टीवर पाणी सोडले असे म्हणतो, तेव्हा त्यातील घेणारा नाहीसा झालेला असतो आणि केवळ गमावणे उरलेले असते. याशिवाय 'सुटणे' आहे. सोडणारा आणि सुटणारा यांच्यातील अंतर हेच परित्यागाच्या कवितेचे खरे क्षेत्र होय. गाव सोडले असे म्हणणारा आणि गाव सुटले असे म्हणणारा, दोघेही त्याच रस्त्याने गेलेले असू शकतात. पण त्यांची कविता एक होणार नाही.

मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील पोलीस खात्यात असल्यामुळे बदल्यांची गावे, पुढे उज्जैन-इंदूरचे शिक्षण, शिक्षकी, नागपुरातील आकाशवाणीची व पत्रकारितेची नोकरी, आणि अखेर १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयातील प्राध्यापकपद, असा त्यांचा प्रवास आहे. घरात मराठी आणि लेखनात हिंदी, हे या प्रवासाचे स्थायी सूत्र होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीत लिहीत राहिले. 'नवी मळवाट' (१९४९) व 'यात्रिक' (१९५७) हे काव्यसंग्रह, 'क्षिप्रा', 'सरहद्द', 'जन हे वोळतु जेथे' या कादंबऱ्या आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार, ही त्यांची वाटचाल मराठी अभ्यासकांस परिचित आहे. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांत नवकवितेची उभारणी करावी, ही घटना भारतीय साहित्यात विरळाच. थोरल्या भावाने मराठी 'सोडली' असे कोणी म्हणू लागले, तर ते वाक्य मात्र चुकीचे ठरेल. माळव्यातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत भाषा सोडण्याचा निर्णय क्वचितच कोणी घेतला असेल. परिसराची भाषा लेखनात येते आणि घरची भाषा घरात राहते, एवढेच तेथे घडते. मुक्तिबोधांच्या हिंदीतील लांब समास, वाक्यांची काहीशी अनोळखी बांधणी आणि संस्कृत शब्दांची दाट वीण यांत हिंदी समीक्षकांना मराठीचा अंश जाणवत आला आहे. लेखनात न घेतलेली भाषा घेतलेल्या भाषेच्या आतून वावरत राहते, हे त्यावरून दिसते. परित्यागाविषयीचा मुक्तिबोधांचा पहिला धडा कदाचित हाच असावा : माणूस जे मागे ठेवतो ते मागे राहतेच असे नाही.

हा प्रदेशही या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. छत्तीसगडचा मराठीशी संबंध नागपूरकर भोसल्यांपासूनचा. १७४१ मधील भास्करपंतांची स्वारी आणि पुढे रतनपूर येथील बिंबाजी भोसल्यांचा कारभार यांतून तो रुजला. ब्रिटिश काळात मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे तो टिकला. आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात व छत्तीसगड मध्य प्रदेशात गेल्यावर त्याची राजकीय चौकट मोडली. छत्तीसगडमधील मराठी कुटुंबे होती तेथेच राहिली; त्यांच्या भाषेची राजधानी तेवढी दूर गेली. मुक्तिबोध नागपूरहून राजनांदगावला आले ते या पुनर्रचनेनंतर दोनच वर्षांनी. त्या काळी राजनांदगाव दुर्ग जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९७३ मध्ये. याच दुर्ग जिल्ह्यात, त्याच लोहमार्गावर, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. त्यासाठीचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ चा. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. आरंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. कारखान्यासाठी शेते गेली, गावे उठली. आणि त्या जागी वसलेल्या सेक्टरांत मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, ओडिया असे देशभरचे लोक राहावयास आले. एकाच भूमीवर गाव सोडून आलेले आणि गाव सुटलेले असे दोन समुदाय शेजारी नांदू लागले. पहिल्या समुदायापाशी घर सोडल्याचे दुःख होते, पण त्यात पगाराची, भविष्याची निवडही होती. दुसऱ्याला निवडच नव्हती. या दोघांच्या दुःखाला 'परित्याग' हा एकच शब्द लावणे काव्यदृष्ट्या जितके सैल, तितकेच नैतिकदृष्ट्याही सैल आहे.

मुक्तिबोधांच्या कवितेत भिलाईचे थेट चित्र शोधण्यात अर्थ नाही. 'चाँद का मुँह टेढ़ा है' या कवितेत कारखान्याचे आवार आणि धूर ओकणाऱ्या चिमण्या आहेत; परंतु कवीची कल्पनासृष्टी नकाशावर टाचून ठेवता येत नाही. 'ब्रह्मराक्षस' या त्यांच्या सुप्रसिद्ध कवितेच्या बाबतीत तर हा मोह विशेषच होतो. राजनांदगावात त्यांचे वास्तव्य जुन्या राजवाड्याच्या परिसरात, तलावांच्या काठी होते. तेव्हा कवितेतील निर्जन बावडी म्हणजे तेथलेच पाणी, असे सहज वाटून जाते. पण कविता १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली होती, म्हणजे कवी तेथे येण्याच्या आधीच. स्थळाने प्रतिमा दिली नाही. प्रतिमा घेऊनच कवी त्या स्थळी आला, असे फार तर म्हणता येईल.

या कवितेची घडण पाहू. शहराबाहेर, पडक्या वास्तूंच्या बाजूला, एक टाकून दिलेली पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या खोल, थंड अंधारात एक ब्रह्मराक्षस राहतो. तो आपल्या अंगावरचा मळ काढण्यासाठी शरीर अखंड घासत असतो, आणि मळ काही जात नाही. तो मंत्र म्हणतो, शास्त्रांची नवी भाष्ये करतो, प्राचीनांपासून आधुनिक तत्त्वज्ञांपर्यंत सर्वांचा हिशेब मांडतो. सूर्याचा तिरपा किरण आत आला की सूर्यानेच आपल्याला वंदन केले असे त्याला वाटते. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पाटांच्या मध्ये भरडला जाऊन तो मरतो, आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. अखेरीस कवितेतील निवेदक एक इच्छा व्यक्त करतो. त्याला या ब्रह्मराक्षसाचा ओलावलेल्या हृदयाचा शिष्य व्हायचे आहे. त्याचे अपुरे राहिलेले काम तर्कसंगत शेवटापर्यंत न्यायचे आहे.

कवितेच्या पूर्वार्धात टाकलेपणाचे दोन थर एकमेकांवर बसलेले आहेत. विहीर लोकांनी टाकली, आणि ब्रह्मराक्षसाने लोकांना टाकले. कोणी कोणाला आधी टाकले, हे कवी सांगत नाही. परित्यागाच्या सामान्य कवितेत ज्याला टाकले तो निर्दोष असतो आणि टाकणारा दोषी. मुक्तिबोध हा सोपा न्याय नाकारतात. ब्रह्मराक्षस करुणेस पात्र आहे, पण तो निर्दोष नाही. त्याच्या ज्ञानाला अहंकाराची बुरशी आहे, आणि शुद्धीचा त्याचा ध्यासही त्या अहंकाराचेच एक रूप आहे. तरीही त्याचा तिरस्कार करून पुढे निघून जाण्याची मुभा कविता वाचकाला देत नाही. कारण त्याने जे आरंभिले ते आवश्यक होते, आणि ते अपुरे आहे.

येथे मुक्तिबोधांच्या 'ब्रह्मराक्षस का शिष्य' या कथेचे स्मरण अपरिहार्य आहे. काशीतील एका भव्य, निर्जन वाड्यात एका गुरूपाशी बारा वर्षे अध्ययन केलेल्या शिष्याला निरोपाच्या वेळी कळते, की आपला गुरू ब्रह्मराक्षस आहे. योग्य शिष्य न मिळाल्यामुळे, म्हणजे मिळवलेले ज्ञान पुढे न दिल्यामुळे, तो या योनीत अडकून पडला होता. आता तो सुटला. परंतु सुटता सुटता तो शिष्याला सांगतो, की ही जबाबदारी आता तुझी. जोवर तू हे दुसऱ्याला देत नाहीस तोवर तुलाही सुटका नाही. या कथेत 'सुटणे' आहे, पण ते 'सोडून देण्या'मुळे आलेले नाही. ते 'सोपवण्या'मुळे आले आहे. मुक्तिबोधांच्या विचाराचे मर्म या तिसऱ्या क्रियापदात आहे. टाकण्यात घेणारा नसतो. सोडण्यात तो असेल किंवा नसेल. सोपवण्यात मात्र घेणारा असावाच लागतो, आणि त्याने ते ओझे स्वीकारावे लागते.

याच दृष्टीने 'अंधेरे में' ही दीर्घ कविता वाचली असता तिच्यातील दोन प्रसंग एकमेकांना उत्तर देताना दिसतात. आरंभी एक तेजस्वी, रक्तस्नात पुरुष निवेदकाच्या दाराची कडी वाजवतो. निवेदक त्याला ओळखतो; ती त्याचीच परम अभिव्यक्ती आहे. पण भीतीने, दुबळेपणाने तो दार उघडण्यास विलंब करतो, आणि उघडतो तेव्हा बाहेर कोणी नसते. हा परित्यागच आहे. पण यात टाकणारा आणि टाकलेला एकच आहे. पुढे, मध्यरात्रीच्या त्या भयंकर मिरवणुकीनंतर, लष्करी कायद्याच्या अंधारात त्याला गांधी भेटतात आणि आपल्याजवळचे एक मूल त्याच्या स्वाधीन करतात. मूल रडते, ते सांभाळताना निवेदकाची त्रेधा उडते. मग त्याच्या खांद्यावर मुलाच्या जागी सूर्यफुलांचे गुच्छ येतात, आणि त्यांच्याही जागी बंदूक. या रूपांतराविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत संदर्भात एवढेच नोंदवायचे, की सोपवलेली वस्तू दिली तशी राहत नाही. घेणाऱ्याच्या हातात तिचा आकार बदलतो, आणि देणाऱ्याला त्यावर अधिकार सांगता येत नाही. वारसा सोपवणारा खऱ्या अर्थाने काही सोडत असेल, तर ते हेच : आपण दिलेल्या गोष्टीचे पुढे काय व्हावे, हे ठरवण्याचा अधिकार.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. भारतीय परंपरेत, विशेषतः संतकाव्यात, सोडणे हेच श्रेष्ठ मूल्य नव्हे काय? न सोडणारा मुक्तिबोधांचा कवी त्या मोजमापाने अपक्वच ठरणार नाही का? आक्षेप गंभीर आहे, पण परंपरेचे आपले वाचन त्यात फार घाईचे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात संन्यास आणि त्याग यांत भेद केलेला आहे, आणि ज्ञानदेवांनी त्याचे विस्ताराने विवरण केले आहे. सोडायचे ते फळ. विहित कर्म सोडायचे नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी पाण्याने त्या परत दिल्या, असे परंपरा सांगते. त्या आख्यायिकेकडेही या दृष्टीने पाहावे. वह्या नदीत गेल्यावर तुकोबा निवांत झाले असे ती सांगत नाही. ते धरणे धरून बसले असे सांगते. वारकरी स्मृतीने जपलेला प्रसंग विसर्जनाचा नाही, परत मिळण्याचा आहे.

टिळकांच्या 'गीतारहस्या'चा सारा रोख कर्मसंन्यासाच्या विरुद्ध आहे, आणि त्या ग्रंथाला हिंदी रूप देणारे माधवराव सप्रे हे याच छत्तीसगडातील मराठीभाषक लेखक, ही गोष्ट येथे आठवावीशी वाटते. १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' काढणाऱ्या सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा १९०१ ची. जमीनदाराने एका अनाथ विधवेची झोपडी बळकावली आहे. ती परत येते आणि चूल घालण्यासाठी त्या जागेतली टोपलीभर माती मागते; मग टोपली उचलू लागण्याची विनंती ती जमीनदारालाच करते. टोपली त्याच्याने उचलत नाही. एका टोपलीचे ओझे पेलत नाही, तर अशा हजारो टोपल्यांची जमीन जन्मभर कशी वाहणार, असे ती विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात. कथेचा शेवट आजच्या वाचकाला भाबडा वाटेल. परंतु ज्या भूमीवर पुढे अर्धशतकाने गावेच्या गावे उठणार होती, तेथे एका म्हातारीने 'आता सोडून दे' हा उपदेश नाकारावा आणि लेखकाने तिच्या नाकारण्यात नैतिक बळ पाहावे, ही घटना लहान नाही. सोडून देण्याचा उपदेश पुष्कळदा घेणाऱ्याच्या सोयीचा असतो, हे सप्र्यांनी ओळखले होते.

नागपूरच्याच मराठी कवितेशी तुलना केली तर मुक्तिबोधांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. अनिलांची 'भग्नमूर्ती' (१९४०) ही मुक्तछंदातील दीर्घ कविताही अवशेषापाशी थांबते. पण तेथे भंगलेली मूर्ती चिंतनाचा विषय होते, आणि चिंतन करणारा तिच्या बाहेर उभा राहतो. ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) मध्ये टाकून गेलेले माणूस जातच नाही. त्याच्या जाण्याची लय होते आणि कवी त्या लयीत राहू लागतो. ही कविता सोडतही नाही आणि सोपवतही नाही. ती दुःखालाच घर करते. तिचे सौंदर्य वादातीत आहे. तिची मर्यादाही त्या सौंदर्यातच आहे, कारण तिसऱ्या माणसाला त्या घरात शिरण्यासाठी दार सापडत नाही. शरच्चंद्र मुक्तिबोधांची कविता याच्या नेमकी उलट. जुनी वाट सोडण्याचा तिला आनंद आहे, कारण पुढे जनसमूहाची नवी वाट तिला दिसते आहे. थोरल्या मुक्तिबोधांना तीच वाट हवी आहे, पण विहिरीतल्या त्या अपुऱ्या माणसाला मागे ठेवून ते तिच्यावर पाऊल टाकू शकत नाहीत. धाकट्याच्या कवितेत विश्वास अधिक आहे. थोरल्याच्या कवितेत हिशेब अधिक आहे.

मग अशी कविता लिहावी कशी, या प्रश्नाचे उत्तरही मुक्तिबोधांनी आपल्या गद्यात दिलेले आहे. 'एक साहित्यिक की डायरी' मधील 'तीसरा क्षण' या लेखात त्यांनी कलेच्या तीन क्षणांची मांडणी केली. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून वेगळा होतो आणि एक कल्पनाचित्र होऊन डोळ्यांसमोर उभा राहतो. तिसऱ्या क्षणी त्या चित्राला शब्दरूप देण्याची प्रक्रिया सुरू होते, आणि त्या प्रक्रियेत चित्रही बदलत जाते. यातील दुसरा क्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ज्याला टाकले गेले त्याने आपले दुःख सोडावे असे मुक्तिबोध म्हणत नाहीत. दुःखाने त्याला सोडून समोर उभे राहावे, इतके अंतर त्यांना हवे आहे. अंतर पडले की ते दुःख केवळ माझे राहत नाही, आणि तरीही ते खोटे होत नाही. परित्यागाच्या कित्येक कविता पहिल्या क्षणातच संपतात. त्यांत आक्रोश असतो, चित्र नसते. आणि सोडून देण्याच्या कित्येक कविता दुसऱ्या क्षणाला वगळून एकदम शब्दांत येतात. त्यांत शांती असते, पण ती कशाची शांती हे कळत नाही. पक्वतेची जी खूण आपण मानतो, ती अनेकदा या वगळलेल्या क्षणाची खूण असते.

मुक्तिबोधांना स्वतःला ही प्रक्रिया सहजासहजी संपवता आली नाही. दीर्घ कविता ते पुनःपुन्हा लिहीत राहिले. १९६२ मध्ये त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, भोपाळ व नंतर दिल्ली येथे उपचार झाले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला काव्यसंग्रह शमशेर बहादुर सिंहांच्या प्रस्तावनेसह त्यानंतर वाचकांच्या हाती आला. त्याच्या सिद्धतेसाठी मित्र आणि तरुण कवी झटले होते. नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेली सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली' १९८० मध्ये निघाली. 'ब्रह्मराक्षस' कवितेच्या अखेरीस निवेदकाने मागितलेले शिष्यत्व दुसऱ्यांनी कवीच्याच बाबतीत पत्करले. हा नियतीचा काव्यात्म न्याय वगैरे म्हणण्याचे कारण नाही. अपुरे काम स्वीकारणारी माणसे लागतात, आणि ती त्या वेळी होती, एवढेच.

छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी स्वतंत्र राज्य झाले. भिलाईच्या सेक्टरांत वाढलेल्या पिढ्यांना नोकरीबरोबर आलेले क्वार्टर आणि नोकरीबरोबर जाणारे क्वार्टर यांचा अनुभव आहे. त्याच भूमीवरच्या जुन्या गावांच्या वंशजांना त्याहून निराळा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत तिसरी पिढी मराठी समजते पण लिहीत नाही, हाही सोडण्या-सुटण्याचाच एक प्रकार आहे. या सर्वांतून कविता येईल, येत असेल. ती वाचताना तिने दुःख किती सोडले हे मोजू नये. कर्ता कोण, कर्म कोण, आणि जे सुटले ते पुढे कोणाच्या हाती गेले, हे तीन प्रश्न तिला विचारावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे देणारी कविता प्रामाणिक म्हणता येईल. तिसऱ्याचे उत्तर शोधणारी कविता विरळा असते. विहिरीच्या पायऱ्या उतरून त्या अपुऱ्या कामापाशी जाण्याची तयारी जिच्यात दिसते, अशी कविता मुक्तिबोधांच्या वाटेवरची मानावी.